साग, आडजात आणि सातबारा

सॉ मिलवाल्याबरोबर प्रवासाला जाऊ नये. तो खिडकीतून निसर्ग बघत नाही, घनफूट बघतो. आपण म्हणावं, "व्वा, काय डेरेदार झाड आहे!" तर उत्तर येतं, "बुंधा बरा हाय, पर सात फुटावर पीळ हाय. वरचं समदं जळणात जाईल." एवढं निसर्गसौंदर्य एका वाक्यात जळणात गेल्यावर आपल्याला डुलकी काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

हे सॉ मिलवाले माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. कऱ्हाडकडच्या एका गावात त्यांची छोटीशी गिरणी आहे. एक उभी बँड सॉ, ओंडका पुढेमागे ढकलायची ट्रॉली, दोन कामगार आणि भुशाचा ढीग. थंडीत गावातली निम्मी कुत्री त्या ढिगावर मुक्कामाला असतात. मी नोकरीतून निवृत्त झालो आणि ताईनं मला परस्पर दाजींच्या सोबतीला नेमून टाकलं. कारणं तीन. दाजींना पित्ताचा त्रास आहे, मोबाइलवरचे फॉर्म त्यांना भरता येत नाहीत, आणि तिसरं ताईच्याच शब्दांत, "हे एकटे गेले की लाकूड आणत नाहीत, माणसं जोडून येतात."

गिरणीच्या भिंतीवर गणपती, ज्योतिबा आणि पालीचा खंडोबा यांच्या शेजारी चौथी तसबीर आहे ती लायसनची. रोज सकाळी उदबत्ती चौघांनाही ओवाळली जाते आणि लायसनपुढे जरा जास्त वेळ थांबते. त्याला कारण आहे. निलगिरी डोंगरातल्या जंगलतोडीवरून गोदावर्मन नावाच्या गृहस्थांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १२ डिसेंबर १९९६ ला जंगलतोडीला लगाम घालणारा प्रसिद्ध आदेश निघाला आणि निलगिरीचा भुसा उडत उडत थेट कऱ्हाडपर्यंत आला. मार्च १९९७ च्या आदेशात तर महाराष्ट्राचं नाव घेऊन सांगितलं होतं की विनापरवाना आरागिरण्या ताबडतोब बंद करा. नवा परवाना मिळणं तेव्हापासून महाकठीण. दाजींच्या वडिलांनी त्याआधीच काढून ठेवलेला तो कागद म्हणजे घरातला सगळ्यात मोठा दागिना. तो गळ्यात घालता येत नाही, एवढीच ताईची तक्रार.

तर गिरणी आहे, लायसन आहे, गिऱ्हाईकही आहे. कुणाला दाराची चौकट हवी, कुणाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फळ्या, कुणाला बाभळीचं जू, कुणाला पॅकिंगच्या पेट्या. पाऊस जवळ आला की सगळ्यांना सगळं आजच हवं असतं. नसतं ते फक्त लाकूड. एकदा मे महिन्यात दाजी म्हणाले, "पावणं, आता सागाच्या मुळाशीच जाऊ. चला बल्लारशाला."

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याच्या बाहेर पाऊल न टाकता सगळं राज्य फिरवून आणते. या गाडीत बसलं की महाराष्ट्र किती मोठा आहे ते कळतं, आणि मनमाडच्या पुढे कुठलाही प्रश्न विचारायची ताकद उरत नाही. दाजींचा भूगोल मात्र ताजातवाना होता. स्टेशनांची नावं त्यांनी वाचलीच नाहीत. "ही निंबाची बाजू." "ही बाभळीची." मध्येच रुळांकडे बघून त्यांनी सुस्कारा टाकला. मला वाटलं पित्त. पण ते म्हणाले, "पूर्वी ह्या रुळांखाली लाकडाचे स्लीपर असायचे. आता समदं सिमेंट. किती घनफूट गेलं बगा!"

समोरच्या बाकावर एक कच्छी शेठ भेटले. यात नवल काहीच नाही, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी लाकडाच्या वखारी मोजायला घेतल्या तर त्यात एक तरी कच्छी पटेलांची निघतेच. शेठनी थेपले पुढे केले, दाजींनी दशम्या सोडल्या आणि बोलणं लाकडावर आलं. शेठ म्हणाले, "एवढं लांब कशाला जाता? कंडल्याला या ना. ब्रह्मदेशनी दोन हजार चौदापासून सागाचे ओंडके पाठवायचं बंद केलं, पण न्यूझीलंडचा पाइन येते. जहाजमधून उतरते, फोटो येते, पैसा पाठवा, गाडी निघते."

दाजींनी दशमीचा घास हातातच ठेवून विचारलं, "झाडाचा मालक कोण?"

"मालक? कंपनी."

"आन् भाऊबंद?"

"कंपनीला कुठले भाऊबंद, दाजी!"

दाजी कितीतरी वेळ गप्प होते. ज्याला भाऊबंद नाहीत असं झाड जगाच्या पाठीवर कुठंतरी उगवतं, हे त्यांना पचेना. मग ते माझ्या कानाशी म्हणाले, "म्हंजी पृथ्वीच्या पार टोकाचं लाकूड कंडल्याला उतरतंय, आन् मोरणा नदीच्या काठचा आंबा मला कऱ्हाडात आणता येत न्हाय."

वर्ध्याला उतरून गाडी बदलली. हिंगणघाट, वरोरा, भांदक, चंद्रपूर करत बल्लारशाला पोचलो तेव्हा ऊन काय असतं ते समजलं. आमच्याकडे उन्हाळ्यात लोक झाडाखाली बसतात. इथं झाडच कुणाची तरी सावली शोधत असावं असं वाटत होतं. चंद्रपूरकर मात्र डोक्याला गमछा गुंडाळून पंचेचाळीस अंशांत शांतपणे तर्रीपोहे खात होते. दाजींनीही खाल्ले आणि पुढचे दोन तास त्यांचं पित्त आणि तर्री यांच्यात जो संवाद झाला त्याचा मी मूक साक्षीदार होतो.

पण दाजी सरकारी लाकूड डेपोच्या फाटकात शिरले आणि माणूस बदलला. दोन्ही बाजूंना सागाच्या थप्प्याच थप्प्या. हा सीपी साग. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा प्रांत नकाशावरून कधीच पुसला गेला, पण सुतारांच्या जगात अजून त्याचंच राज्य चालू आहे. आलापल्लीकडच्या जंगलातला साग इथल्या भागाची शान. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली इथूनच वाजतगाजत लाकूड गेलं. हे कळल्यावर दाजींनी पायातल्या चपला बाहेर काढून ठेवल्या आणि जमीन तापल्यामुळे लगेच परत घातल्या.

बल्लारशात, म्हणजेच बल्लारपुरात, कागदाची मोठी गिरणी आहे. तिथं बांबूचा आणि लाकडाचा कागद होतो. डेपोत कागद त्याच्याही आधी तयार होतो. प्रत्येक नगावर हातोड्यानं ठोकलेला शिक्का, नंबर, लांबी, घेर. तोच नंबर यादीत, तोच रजिस्टरात, आणि माल गाडीवर चढला की तोच वाहतूक परवान्यात. या परवान्याला सगळे 'टीपी' म्हणतात. वाटेतल्या नाक्यावर टीपीतला नंबर आणि ओंडक्यावरचा नंबर जुळला नाही, तर गाडीतलं लाकूड, गाडी आणि गाडीवाला तिन्ही जागच्या जागी मुळं धरतात.

दाजी लॉट बघत फिरू लागले. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडाशी बसून ते कड्या बघत, मग उलट्या हातोडीनं ठोकून कान लावत. बद्द आवाज आला की "पोकळ" म्हणून पुढे. टणत्कार झाला की वास घेत. मग टेप निघाली. मला मोजमापाचं गणित कळेना, कारण ओंडका गोल असूनही हिशोबात कुठेही पाय नव्हता.

"सोपं हाय," दाजी म्हणाले. "घेर २ मीटर धरा, लांबी ३ मीटर. घेराचा चौथा हिस्सा अर्धा मीटर. अर्धा गुणिले अर्धा गुणिले ३. पाऊण घनमीटर."

मी जमिनीवर काडीनं शाळेतला हिशोब मांडला. गोलाच्या सूत्रानं ०.९५५ घनमीटर आलं. "दाजी, पाचव्या हिश्श्याहून जास्त लाकूड गायब आहे!"

"गायब न्हाय. गोलाचा चौकोन करताना साल जाती, कडा जाती, भुसा जातो. इंग्रजांनी ती घट आधीच वजा करून ठिवली. त्यांनी तेवढीच एक चीज आपल्याला सोडली."

लिलावाच्या वेळी कळलं की लिलाव बघायचा नसतो. माल डोळ्यांनी बघायचा, पण बोली ऑनलाइन. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येऊन आम्ही एका चहाच्या टपरीवर मोबाइल धरून बसलो आणि बटण दाबायचं काम कऱ्हाडला बसलेल्या पिंट्या नावाच्या पोरावर सोपवलं, कारण दाजींचा माझ्या बोटांवर विश्वास नव्हता. ज्या लॉटचा वास दाजींना रात्रभर झोपू देत नव्हता त्याची किमान किंमत बघता बघता मागे पडली. बोली लावणारे दिसत नाहीत, त्यामुळे राग कुणावर काढावा हेही कळत नाही. पूर्वी म्हणे चढाओढ करणाऱ्याच्या तोंडाकडे बघून त्याच्या खिशाचा अंदाज घेता यायचा. दाजी मोबाइलच्या तोंडाकडे बघत राहिले. पडद्यावर आकडा बदलला आणि त्यांनी पिंट्याला सांगितलं, "ऱ्हाऊ दे. ते बंगलेवाल्यांचं लाकूड हाय."

मग लक्ष आडजातीकडे गेलं. वनखात्याच्या जगात झाडं दोनच जातींची, साग आणि आडजात. ऐन, हळदू, धावडा, बिजा, सगळे आडजातीत. आमच्यासारख्यांच्या गिरण्या चालतात त्या आडजातीवरच. भाव जमण्यातला होता. दाजींनी आनंदानं एका ट्रकवाल्याला कऱ्हाडचं भाडं विचारलं. शेकडो किलोमीटरचं अंतर. ट्रकवाल्यानं आकडा सांगितल्यावर दाजींनी त्यालाच चहा पाजला आणि म्हणाले, "तुमी चांगले हाय, पर तुमच्या भाड्यात माझं लाकूड दोनदा हुतंय."

परतीच्या गाडीत दाजींच्या खिशात लाकूड नव्हतं. ट्रकवाला, टपरीवाला, वर्ध्याचा एक सुतार आणि ते कच्छी शेठ यांचे फोन नंबर मात्र होते. ताईचं निदान अचूक होतं.

त्यानंतर आम्ही घराजवळची जंगलं धुंडाळू लागलो. जंगलं म्हणजे बांध. छोट्या गिरणीचं खरं जंगल शेताच्या बांधावर उभं असतं. वाहन म्हणून दाजींची स्प्लेंडर. मागे मी, माझ्या गळ्यात टेप आणि मांडीवर कुऱ्हाड. कोयना, मोरणेच्या खोऱ्यात अशा थाटात फिरलं की लोक आपणहून वाट देतात.

झाडं होती. पण बहुतेक झाडांचं आगाऊ बुकिंग देवांनी करून ठेवलेलं. उंबर दत्ताचा. बेल महादेवाचा. आपटा दसऱ्याचा. वड सुवासिनींचा. पिंपळावर मुंजा, आणि त्याची नोंद सातबारावर नसली तरी ताबा त्याचाच. देवानं सोडलेलं एक चिंचेचं झाड मिळालं, तर मालक म्हणाला, "अंधाऱ्या पंधरवड्यात तोडा, न्हायतर लाकडाला भुंगा लागतो." अंधारा पंधरवडा आला, तेव्हा मालकीणबाईंनी चिंचा उतरवेपर्यंत थांबायला सांगितलं. चिंचा उतरल्या, तेव्हा झाडावर आग्या मोहोळ होतं. त्या झाडाचा नाद आम्ही जिवंत असतानाच सोडला.

रस्त्याकडेची झाडं बघायला सोपी, पण दाजी त्यांना हात लावत नाहीत. कारण खिळे. बँड सॉच्या पात्याला लाकडात लपलेला एक खिळा लागला की दात उडतात आणि दिवसाचा धंदा त्यांच्याबरोबर उडतो. दाजी लोहचुंबक घेऊन बुंध्याभोवती प्रदक्षिणा घालतात आणि झाडाचं चरित्र सांगतात. "हितं दवाखान्याची पाटी होती. हितं क्लासची. हितं उमेदवाराचा फोटो. बगा, हितं खिळं दुप्पट, म्हंजी दुसऱ्या पार्टीनं वर आपला ठोकला." एका बाभळीपाशी चुंबक चिकटलं तिथं काळी बाहुली, लिंबू आणि टाचण्या निघाल्या. आमचा कामगार कुऱ्हाड तिथंच टाकून एसटी स्टँडपर्यंत चालत गेला. दाजींनी बाभळीला नमस्कार केला. करणीला ते भीत नाहीत, पण टाचण्यांचा भरवसा नाही.

शेवटी मोरणेकाठी एक आंबा सापडला. रायवळ, जुना, फळं आंबट, बुंधा सरळ. ठोकला तर भरीव आवाज. चुंबक कुठेही चिकटेना. देव नाही, मुंजा नाही, मोहोळ नाही. झाडाचे मालक, म्हातारे आबा, ओट्यावर बसून म्हणाले, "न्या की." दाजींचा चेहरा उजळला आणि त्यांनी सातबारा मागितला.

आंबा म्हणजे साधं झाड असं आपल्याला वाटतं. पण १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर आणि चंदनाच्या पंक्तीला आंबा, फणस, चिंच, जांभूळ हेही मानानं बसले आहेत. म्हणजे अर्ज, उतारा, परवानगी आणि खातेदारांच्या सह्या. सातबारा उघडला तर तो रेशन दुकानाच्या रांगेसारखा खाली खाली जातच होता. आबा त्यात एक. एक भाऊ वाशीच्या मार्केटात माथाडी. एक सुरतेला. एक बहीण इस्लामपूरला दिलेली, तिचा हक्क. एक चुलते वारलेले, त्यांची वारसनोंद व्हायची. आणि एका नावापुढे 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान (वयात न आलेला), पालनकर्ता अमुक. हा अज्ञान आमच्या शेजारीच उभा होता. त्याच्या कडेवर त्याचा नातू होता.

"ह्यांच्या सह्या?" दाजींनी विचारलं.

"समदे एका ठिकाणी आले की घ्या," आबा म्हणाले.

ते एका ठिकाणी कधी येतात, हा आता आमच्या प्रवासाचा विषय झाला. दाजींनी लग्नाच्या पत्रिकांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. एका लग्नात ते संमतिपत्र कोटाच्या खिशात घालून गेले. मंगलाष्टकं चालू असताना सुरतेच्या भावाची सही झाली, पंगतीत जिलेबी वाढता वाढता माथाडींची झाली. पण वरमाईच्या मानपानावरून इस्लामपूरची बहीण रुसली, न जेवता निघाली आणि जाताना तिनं आधी दिलेली सहीसुद्धा खोडली. दाजी हिरमुसले नाहीत. ते म्हणाले, "लग्नाला रुसलेलं माणूस दहाव्याला येतं."

दुर्दैवानं तो दहावा आबांचाच निघाला.

नदीकाठी सगळे जमले. वाशी, सुरत, इस्लामपूर, अज्ञान आणि त्याचा नातूसुद्धा. दाजी मागे गुपचूप बसले होते. कागद खिशात, पण माणूस खरंच हळहळलेला, कारण आबा जोडलेल्या माणसांपैकी होते. पिंड मांडला आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले. कावळे समोरच्या करंजावर बसले, पण खाली येईनात. धाकट्या भावानं आबांच्या नातवाच्या शिक्षणाचा शब्द दिला. कावळा हलेना. बहिणीनं सगळं विसरल्याचं सांगितलं. कावळ्यानं तिच्याकडे बघितलं, पण विश्वास ठेवला नाही. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले, तेवढ्यात माथाडी भाऊ पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "आबा, तुमच्या हातचा आंबा आमी तोडणार न्हाय!"

कावळा तत्क्षणी उतरला. भात घेतला आणि उडाला तो थेट आंब्याच्या दिशेनं.

दाजींनी खिशातला कागद चाचपला आणि माझ्याकडे बघितलं. पाऊण घनमीटर आंबा कावळ्यानं चोचीत नेला होता. लोक पांगू लागले, तेव्हा आबांचे चुलतभाऊ तात्या काठी टेकत आले. वय असेल ऐंशीच्या पुढं. त्यांनी दाजींचा दंड धरला. "माझ्या परड्यात फणस हाय. आंब्याच्या दीडपट. सातबारा तोच, माणसं तीच. कागद काढा."

"आज? तात्या, सुतक..."

"दहाव्याला सुतक फिटतंय. काढा."

संमतिपत्र माझ्या पाठीवर पसरलं गेलं. निवृत्तीनंतर एवढं सरकारी काम माझ्या अंगावर प्रथमच पडत होतं. वाशीनं सही केली, सुरतेनं केली, इस्लामपूरनं भावाकडं न बघता केली. अज्ञान पेन हातात घेऊन म्हणाला, "आमी अज्ञान हाय. आमची चालंल का?" कागद तलाठ्याकडून, वनखात्याकडून फिरून यायला पुढे बराच काळ गेला, मापं झाली, शिक्के बसले, आणि फणस एकदाचा ट्रॉलीवर चढला. पिवळाधमक गाभा निघाला, आणि एकही खिळा नाही.

पण त्या दिवशी नदीकाठी शेवटची सही झाल्यावर दाजींनी तात्यांना विचारलंच, "तात्या, एवढी घाई का केली? फणस काय पळून चालला व्हता?"

तात्यांनी करंजाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "फणस न्हाय वं. माझ्या येळंला ही पोरं कावळ्याला काय काय कबूल करतील, सांगता येतंय का?"